सोमवार ते शनिवार शेळ्या

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि शाळेतही. नवरा रेल्वेत आहे. तो म्हणतो, गाडी येण्याआधी निदान घोषणा तरी होते, तुझं तेवढंही नाही. मी त्यावर गप्प बसते, कारण बोलले की त्याचंच खरं ठरतं.

मी डहाणूत वाढले. वडील सरकारी नोकरीत, आजूबाजूला रेल्वेचे, पोस्टाचे, तहसीलचे लोक. आमच्या शाळेतल्या बाई पाढा चुकला की म्हणायच्या, "जा, म्हशी राख." वर्गात एकाच्याही घरी म्हैस नव्हती. दूध पिशवीतून यायचं. आम्ही माना खाली घालून हसायचो, बाई फळ्याकडे वळायच्या आणि विषय तिथेच संपायचा. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा हे वाक्य आपोआप माझ्या तोंडात येऊन बसलं. फक्त म्हशींच्या जागी शेळ्या आल्या. का, ते मला सांगता येणार नाही. शाळेच्या खिडकीतून शेळ्या दिसतात, म्हणून असेल.

गेली बरीच वर्षं मी तलासरी तालुक्यात, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर शिकवते. शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मुख्याध्यापक माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, सज्जन आणि भित्रे. ऑफिसचा फोन आला की ते उभे राहून बोलतात. मी रोज डहाणूहून स्कूटीवर जाते. पाड्यावर सगळी शेतकऱ्यांची घरं, भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवणारी. माणसं बोलायला कमी आणि ऐकायला फार चांगली. आमच्या डहाणूत उलटं आहे.

चौथीत एक मुलगी होती. वाचनात वर्गात पहिली. धडा हातात दिला की ती नदी वाहावी तशी वाचत जायची, कुठे अडखळणं नाही, श्वास घेणं नाही. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर तालुक्याहून वाचन तपासायला माणसं येणार होती आणि माझी सगळी भिस्त या मुलीवर होती. आता खरं सांगायचं तर भिस्त नाही, मला मिरवायचं होतं. डोंगरातल्या शाळेत अशी वाचते बघा पोरगी, हे मला चारचौघांसमोर दाखवायचं होतं. आणि नेमकी ती आठ दिवस गायब. घरी भातकापणी. मी दोन वेळा निरोप धाडला. आली नाही.

तपासणी झाली. पाहुण्यांनी दुसऱ्याच एका मुलाला उभं केलं. तो 'ज्वालामुखी'वर जो अडकला तो शेवटपर्यंत सुटला नाही. पाहुणे चहा प्यायले, भेटवहीत 'वाचनाकडे अधिक लक्ष द्यावे' असं लिहून गेले. ते वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली. बोटांना विळ्याचे काप, केसांत पेंढ्याची काडी. आपल्या जागेवर जाऊन बसली, काही झालंच नाही अशी.

"कुठे होतीस?" मी विचारलं.

"भात कापाया."

"तपासणी आहे म्हणून निरोप धाडला होता ना मी?"

ती हसली. इकडची मुलं ओशाळली की हसतात, हे मला माहीत होतं. इतकी वर्षं इथे आहे, माहीत नसायला काय झालं. पण त्या वेळी मला ते दिसलं नाही. मला फक्त भेटवहीतलं ते वाक्य दिसत होतं.

"हसतेस काय? शाळा नको असेल तर उद्यापासून येऊच नकोस. जा, शेळ्या राख."

मी तिची वही तिच्या हातात कोंबली आणि दाराकडे बोट केलं. तिने वही दप्तरात नीट ठेवली, दप्तर पाठीला लावलं, दारात चपला घातल्या आणि गेली. मला वाटलं, ओसरीवर बसली असेल. मी फळ्यावर भागाकार लिहायला घेतला. खिचडीच्या वेळी ती दिसली नाही, तेव्हा मनात आलं, घरी गेली असेल, येईल उद्या. उद्याही आली नाही. मी हजेरीत 'गैर' मांडलं, कापणी अजून चालू असेल असं धरलं, आणि विसरले. सांगायला लाज वाटते, पण मी खरोखर विसरले.

पंधराएक दिवसांनी दुपारी फोन वाजला. मोबाइलवर पीडीएफ. 'कारणे दाखवा नोटीस. विषय : वर्गातील अशोभनीय वर्तनाबाबत.' मी ते दोनदा वाचलं. अशोभनीय. मी. जिने वीस वर्षांत एका पोराला चिमटा काढला नाही. खाली लिहिलं होतं की मी एका विद्यार्थिनीस वर्गात सर्वांसमक्ष अपमानित करून शाळेतून काढून टाकले, अशी तक्रार आली आहे, सबब सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. तक्रार करणारी होती त्या मुलीची आत्या. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. चार इयत्ता जास्त शिकलेली, कायदे वाचणारी, आणि माझ्याशी रोज हसून बोलणारी.

मी आधी चिडले. मग आणखी चिडले. शाळेतून काढून टाकायचा अधिकार मला आहे का? मला शाळेतली तुटकी खुर्ची काढून टाकायची तर तीन सह्या लागतात. मुख्याध्यापकांना नोटीस दाखवली तर ते उभेच राहिले.

तलासरीत नोटिशीची प्रत काढायला गेले. गुजराती झेरॉक्सवाल्याने कागद मशीनवर ठेवण्याआधी पूर्ण वाचला, सवयीने. "बेन, टेन्शन नको," तो म्हणाला. "आ महिन्यात ही तिसरी. कुछ नाही होता." आणि शंभर वेळा सांगून झाल्यासारखं पुढे म्हणाला, "वाणगावला जा."

वाणगावला म्हणजे कुणाकडे, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. नोकरीत असताना ते काय शिकवायचे ते कुणाला आठवत नाही, पण निवृत्तीनंतर ते दोन गोष्टी करतात. मिरची लावतात आणि मास्तरांचे खुलासे लिहून देतात. दोन्हीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. मी गेले तेव्हा ते बांधावर उभे राहून मजुरांना वाफे दाखवत होते. नोटीस त्यांनी चष्मा न लावताच वाचली.

"व्हिडिओ आहे?"

"नाही."

"हात लावलात?"

"छे हो."

"लेखी काही दिलंत? वहीत शेरा वगैरे?"

"नाही."

"मग तुम्ही बोललाच नाहीत," ते म्हणाले आणि विषय संपला. तिथेच बांधावर बसून त्यांनी मोबाइलमध्ये खुलासा टाइप केला. काय सफाई होती. उपरोक्त संदर्भीय विषयास अनुसरून, सदर आरोप निराधार, हेतुपुरस्सर, माझ्या निष्कलंक सेवेस बाधा आणणारे. वाचता वाचता मला स्वतःबद्दल आदर वाटायला लागला. मग एक वाक्य आलं. 'सदर विद्यार्थिनी वारंवार गैरहजर राहत असून गैरहजेरी लपवण्यासाठी खोटे बोलण्याची तिला सवय आहे.'

"खोटं बोलायची सवय नाही हो तिला," मी म्हणाले.

"बाई, हे तिच्याबद्दल नाही. खुलाशाबद्दल आहे. खुलाशात एक जण खोटा लागतो. तुम्ही की ती, तेवढं ठरवा."

मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी प्रिंट काढली, सही केली आणि ऑफिसात देऊन पोच घेतली. त्यांनी दिलेल्या मिरच्यांचं घरी लोणचं घातलं. चांगलं झालं होतं.

मग आली चौकशी. केंद्रप्रमुख, म्हणजे आमच्या दहा-बारा शाळांवर लक्ष ठेवणारे साहेब, मुलांचे जबाब घ्यायला येणार होते. येतो येतो म्हणून ते आले नाहीत आणि फोनवर म्हणाले, "तुम्हीच लिहून घ्या आणि पाठवा." मी त्या दिवशी प्रशिक्षणाला डहाणूला गेले होते. मागे मुख्याध्यापकांनी माझ्या प्रेमापोटी जे करायचं ते केलं. माझ्या वर्गातल्या सतरा मुलांना बसवलं आणि जबाब फळ्यावर लिहून दिला. 'बाई वर्गात कोणालाही काही बोलल्या नाहीत. बाई आम्हाला चांगले शिकवतात.' मधल्या सुट्टीत कुणी फळा पुसेल म्हणून खाली कोपऱ्यात लिहिलं, 'पुसू नये'. आमच्या मुलांना फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायचं हे मीच घोटून घोटून शिकवलं आहे. त्यांनी उतरवलं. सतराच्या सतरा जबाब गेले. कुणी वाचले नाहीत, फक्त मोजले.

सुनावणी बुधवारी लागली. त्याआधी केंद्रप्रमुखांचा फोन आला. "बाई, मुलगी तेवढी वर्गात हजर दाखवा. मुलगी शाळेत असली की काढून टाकलं हे उरतच नाही. तक्रारीतली हवाच जाईल." मला पटलं. रविवारी मी स्कूटी काढली. वाटेत चिकू घेतले. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढं वळण आहे मला. पण गेले ते माझी कातडी वाचवायला गेले होते, चिकू असोत की नसोत.

घर पाड्याच्या टोकाला. आई अंगणात नागलीची कणसं वाळत घालत होती. बाप भिंतीचा कूड नीट करत होता. मुलगी चिंचेखाली धाकट्या भावंडांबरोबर गोट्या खेळत होती. मला पाहून ती उठली, फ्रॉक झटकला आणि हात जोडून "नमस्ते बाई" म्हणाली. वर्गात म्हणतात तसं, लांबवून. माझा जीव भांड्यात पडला. रागावलेली दिसत नव्हती.

"काय गं, शाळेत का येत नाहीस?"

ती गोंधळली. तिने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शेळ्या राखते ना, बाई."

"शेळ्या? आत्ता तर खेळतेयस."

"आज रविवार हाय."

मला कळेना. तेवढ्यात आत्या घरातून बाहेर आली, पदर खोचत. तिने मला बसायला खाट टाकली, पाणी दिलं, रीतीत कमी काही केलं नाही. आणि मग सांगितलं. त्या दिवशी मुलगी घरी आली आणि म्हणाली, बाईंनी शेळ्या राखायला सांगितल्यात. यांच्या घरी शेळ्या नाहीत. एक बैलजोडी आणि कोंबड्या, बस. तेव्हा ती शेजारच्या म्हातारीकडे गेली आणि तिच्या पाच शेळ्या मागून घेतल्या. म्हातारीला काय, बरंच झालं. दुसऱ्या दिवसापासून मुलगी रोज शाळेचा गणवेश घालते, वेणी घालते, शाळेच्या वेळेला शेळ्या सोडते, मधल्या सुट्टीला भाकरी खाते आणि शाळा सुटायच्या वेळी शेळ्या आणून बांधते. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून शनिवारी सकाळी. रविवारी सुट्टी.

मी हसले. खरंच हसले, तोंडावर हात ठेवून. मग माझ्याच हाताला कळलं की आता हसून चालणार नाही.

"बाई," मुलगी म्हणाली. कितीतरी दिवस विचारायचं राहून गेल्यासारखी ती जवळ आली. "कधीपर्यंत राखायच्या?"

वीस वर्षांत शेकडो पोरांना मी शेळ्या राखायला पाठवलं असेल. मुदत कुणी विचारली नव्हती. डहाणूच्या मुलाला हे वाक्य ऐकू येतं तेव्हा त्याला फक्त बाईंचा आवाज चढलेला ऐकू येतो. इथे शेळ्या खऱ्या असतात आणि बाईंचा शब्दही.

"उद्यापासून ये शाळेत," मी म्हणाले. "झालं गेलं."

मुलीचा चेहरा उजळला, पण आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असं नाही, बाई. वर्गात सगळ्यांसमोर काढली आणि अंगणात एकटीला बोलावता. उद्या परत राग आला की परत काढाल." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुमच्या स्वतःच्या मुलीला म्हटलं असतंत, शेळ्या राख?"

म्हटलं असतं. शंभर वेळा म्हटलंय. माझी मुलगी त्यावर म्हणते, आई, गार पाणी पी. पण हे तिथे सांगण्यासारखं नव्हतं.

"खुलाशात काय लिहिलंत?" आत्याने विचारलं.

"नेहमीचंच," मी म्हणाले आणि पाण्याचा तांब्या परत तोंडाला लावला, तो रिकामा होता.

कुडाला शेवटची काडी खोचून बाप म्हणाला, "बुधवारी काय ते ठरंल. पोरगी खोटी निघाली त मग शाळा नको. तिचा मामा सायवनला, त्याला शेळ्यांना माणूस पाहिजेच. तिथंच राहील." त्यात धमकी नव्हती, रागही नव्हता. पाऊस नाही आला तर काय करायचं हे माणूस जसं आधी ठरवून ठेवतो, तसं त्याने ठरवलं होतं. आणि माझ्या सहीचा कागद ऑफिसात पडला होता, ज्यात मुलगी खोटी निघाली होती.

परत येताना स्कूटी मी इतकी हळू चालवली की एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं.

सोमवार-मंगळवार मी वर्गात कुणावर ओरडले नाही. मुलं घाबरली. एकाने मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं की बाईंना ताप आहे. मी जेवणाच्या सुट्टीत ओसरीवर बसून नवा खुलासा लिहायला घेतला, चार रेघी वहीच्या कागदावर, कारण दुसरा कागद नव्हता. खाडाखोड केली, फाडला, परत लिहिला. मनात वाणगावचे सर बोलत होते. ठपका म्हणजे सेवापुस्तकात कायमची नोंद. निवृत्तीला जेमतेम काही वर्षं. आजवरचं कोरं पान. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तू विचारतेस म्हणजे तुझं ठरलंय. ठरलं नसतं तर भांडली असतीस." कधी कधी तो नको तितका शहाणा असतो.

बुधवारी तालुक्याच्या ऑफिसात आम्ही पाच जण. टेबलामागे शिक्षण अधिकारी, माझ्याच वयाच्या बाई, समोर फायलींचा ढीग आणि चेहऱ्यावर लवकर आटपू या. इकडे मी आणि मुख्याध्यापक, तिकडे बाप आणि आत्या. बाप धुतलेला सदरा घालून आला होता आणि खुर्ची दिली तरी बसत नव्हता.

अधिकारी बाईंनी फाइल उघडली. माझा खुलासा चाळला. मग मुलांचे जबाब काढले. एक वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला, आणि चष्मा वर केला.

"हे 'पुसू नये' काय आहे?"

त्यांनी आणखी दोन-तीन जबाब उलटले.

"सतरा मुलं जबाबाच्या शेवटी लिहितात, पुसू नये. काय पुसू नये?"

मुख्याध्यापक उभे राहिले. घाम इतका की रुमाल कुठे आहे तेही त्यांना सापडेना. अधिकारी बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. त्याही कधीकाळी फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि जबाब उलटे करून ठेवले.

"हे बघा," त्या बापाकडे वळून म्हणाल्या, "मुलांचं ऐकण्यात काही कमी-जास्त होतं. बाई तसं म्हणाल्या नसतील. मुलीचा गैरसमज झाला असेल. तुमचं काय म्हणणं?"

बापाने हात जोडले. मला ते अजून दिसतं. त्याने माझ्याकडे पाहून हात जोडले, अधिकाऱ्यांकडे नाही.

"बाई शिकवणाऱ्या हायेत. बाई म्हणतील तेच खरं. पोरीचंच चुकलं असंल."

आत्याने मान फिरवली. अधिकारी बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे, बाई, तुम्ही त्या मुलीला तसं काही बोलला नाहीत. बरोबर? एवढं हो म्हणा, मी फाइल बंद करते."

एक हो. मला वाटत होतं की बाप भांडेल, आरडाओरडा करेल, आणि मी त्याच्यावर उलटून भांडेन. भांडायला मी केव्हाही तयार असते. पण तो पोरीला माझ्यासाठी खोटी पाडायला तयार झाला होता आणि वर हात जोडत होता. त्याचा मला इतका राग आला, आणि त्याहून माझा स्वतःचा, की माझा आवाज ठरवल्यापेक्षा मोठा निघाला.

"बोलले."

मुख्याध्यापकांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला.

"बोलले मी. वर्गात, सगळ्यांसमोर. उद्यापासून येऊ नकोस, शेळ्या राख, असं बोलले. मुलगी खोटं बोलत नाही. खोटं मी लिहिलं." आणि चार रेघी कागद टेबलावर ठेवला.

अधिकारी बाईंना आनंद झाला असं मी म्हणणार नाही. उलट त्यांच्या कपाळावर आठी पडली. "बाई, फाइल बंद होत होती," त्या म्हणाल्या, "आता मला कारवाई करावी लागेल. टिप्पणी, आदेश, सेवापुस्तक, सगळं."

"करा," मी म्हणाले. "पण शाळेतून काढलं हे खोडा. तो अधिकार मला नाही."

त्या हसल्या नाहीत, पण हसू दाबलेलं मला दिसलं. त्यांनी ते खोडलं.

लेखी ठपका मिळाला. सेवापुस्तकात नोंद झाली. 'वर्गातील अशोभनीय वर्तन' हे शब्द आता माझ्या नावापुढे मी निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही राहणार आहेत. मुख्याध्यापकांना फळ्याबद्दल वेगळी तंबी मिळाली. ते आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, मग बोलायला लागले, कारण शाळेत बोलायला दुसरं कुणीच नाही. वाणगावच्या सरांनी मात्र फोन उचलायचं बंद केलं. त्यांच्या आयुष्यातला फसलेला खुलासा तो एकच. झेरॉक्सवाला भेटला की अजूनही मान हलवतो. "बेन, तुम्ही पण ना," म्हणतो.

गुरुवारी सकाळी मुलगी आली. गणवेशात, दप्तर घेऊन. आत्या शाळेच्या फाटकाशी थांबली. मुलगी वर्गाच्या दारात उभी राहिली आणि आत आली नाही. मी तिला 'ये' म्हणणार होते, मग आठवलं की अंगणात ते चाललं नव्हतं. मी हातातला खडू खाली ठेवला.

"मुलांनो, त्या दिवशी मी हिला बोलले ते चुकलं. मला असं बोलायला नको होतं. ही आता येऊन बसते, कायमची."

वीस वर्षांत मी वर्गात कुणाची माफी मागितली नव्हती, ती मागायची असते हेही सुचलं नव्हतं. मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, मग म्हातारीच्या शेळ्या कोण राखंल?" वर्ग हसला, मुलगीही हसली, आणि जागेवर जाऊन बसली. मी वाचायला पुस्तक दिलं. महिनाभरात काही विसरली असेल अशी मला धास्ती होती. ती धडा उघडून सुरू झाली आणि थांबली नाही.

राग अजून आहे. नाकावरच आहे. फक्त आता तोंडापर्यंत यायला त्याला थोडा वेळ लागतो, कारण 'जा' म्हटल्यावर पुढे काय म्हणायचं ते मला शोधावं लागतं. एकदा घाईत मी एकाला 'जा, पाणी पिऊन ये' म्हणाले. तो गेला, पाणी पिऊन आला, म्हणाला, "प्यायलो, बाई." आता वर्गात तीच माझी सगळ्यात कडक शिक्षा झाली आहे.

चौथी संपली. आमच्या शाळेत पुढचा वर्ग नाही. मुलीला आश्रमशाळेत प्रवेश मिळाला, घरापासून लांब, राहायचं तिथेच. जूनमध्ये ती बापाबरोबर दाखला न्यायला आली. नवी पत्र्याची पेटी बाप डोक्यावर घेऊन उभा होता. मुख्याध्यापकांनी दाखल्यावर शिक्का मारला. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण मला ते जमत नाही, अशा वेळी मी खेकसते.

"नीट राहा," मी खेकसून म्हणाले. "आणि शिकत राहा. कळलं?"

तिने मान डोलावली. दोन पावलं गेली आणि मागे वळली, तशीच, जशी त्या रविवारी अंगणात माझ्याजवळ आली होती.

"कधीपर्यंत, बाई?"

या वेळी माझं उत्तर तयार होतं.

"मी थांब म्हणेपर्यंत," मी म्हणाले. "आणि मी म्हणणार नाहीये."

"बरं," ती म्हणाली, आणि बापाच्या मागे चालायला लागली.